कलमाची तहान

२४ नोव्हेंबर, रत्नागिरी. संध्याकाळ.

अंगणातल्या हापूसच्या कलमाला तांबूस पालवी फुटली. मी हौसेनं सासूबाईंना दाखवायला नेलं. त्या बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "पाणी कुणी घातलंन ह्याला?"

मीच. रोज दुपारी त्या पडल्या की एक बादली. पाऊस गेल्यापासून पानं मलूल दिसत होती, बघवेना. आमच्या कोल्हापूरकडे ऊस सुकायला लागला की पाणी पाजतात. इथे म्हणे या दिवसांत आंब्याला तहानलेलंच ठेवायचं, तरच मोहोर येतो. पाणी मिळालं की नुसती पानं. "सुखातलं झाड कशाला मोहोरतंय?" असं म्हणाल्या. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. मामंजींनी जाण्याआधी लावलेलं कलम, यंदा पहिला मोहोर यायचा होता.

पण मला कळत नाही. तहानेनं झाड घाबरतं का? घाबरून फुलतं, त्याला बहर म्हणायचं? आणि माझी एक बादली म्हणजे माया की नुकसान?

मघाशी तीच बादली परत विहिरीवर ठेवायला गेले, तर सासूबाई कलमापाशी वाकून तांब्यातलं पाणी बुंध्यात ओतत होत्या. मला बघून थबकल्या. "ह्यांच्या हातचं झाड. मी रोज घालते," म्हणाल्या. "एवढ्याशा पाण्यानं काय होतंय?"

दुपारी बादली ओतताना मीही रोज हेच म्हणत होते.