नाव कुणी दिलं?

३ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा फुल्ल! पुढच्या महिन्याचं बुकिंग तीन तारखेला नऊ वाजता उघडतं, म्हणून पावणेनऊपासून फोन कानाला लावून बसले होते. नऊ वाजून दोन मिनिटांनी माणूस बोलला – आणि तळ्याकाठच्या सुट्टीघरात मार्चभर एकही खोली नाही. दोन मिनिटांत सगळ्या गेल्या म्हणे. स्वयंपाकघरातल्या घड्याळावर मी वेळ लावली होती. आठ वर्षांपूर्वी पैसे भरून या सुट्टीघरवाल्या क्लबाचे सदस्य झालो, त्या दिवशी त्यांनी दिलेलं घड्याळ. त्यांची तेवढी एकच वस्तू धड चालते.

करारात लिहिलंय – दरवर्षी सात दिवस हक्काचे. आम्ही आठ वर्षांत एकदा गेलो. खोलीच्या खिडकीतून जनरेटर दिसत होता.

यंदा मला स्वतःसाठी नकोच आहे. बटाटीसाठी हवंय – हॉस्टेलात पडलेलं नाव, अजून तेच. एकतीस मार्चला ती मुलाकडे कायमची निघाली, समुद्रापलीकडे. हॉस्टेलच्या एका खोलीपासून शेचाळीस वर्षांची मैत्री. आमच्यानंतर चार-पाच महिन्यांनी तीही याच क्लबात अडकली. मी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. इथे असते तर तिला सही करू दिली नसती. तिला आजवर एकदाही खोली मिळालेली नाही. तळं फक्त माहितीपत्रकात पाहिलंय. "त्यातलं बदक आता मला नावाने ओळखतं," म्हणते.

जाण्याआधी तिला ते तळं दाखवायचं. ठरलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज माहेरचं आडनाव सांगून फोन केला. नवीन सदस्य व्हायचंय म्हटलं. आवाज जरा मऊ ठेवला – घशाला त्रास झाला. मार्चचा तिसरा आठवडा, तळ्याकाठी, मिळेल का? "मिळेल ना मॅडम, दोन खोल्या आहेत. तुम्ही फक्त एकदा आम्हाला भेटून जा."

दहा मिनिटांनी खऱ्या नावाने, सदस्य क्रमांक सांगून विचारलं. फुल्ल.

यांना सांगितलं. हे शब्दकोडं सोडवत होते. "बरं, पकडलंस त्यांना. आता?"

आता काय म्हणजे? पकडलं ना!

६ फेब्रुवारी

नळदुरुस्तीवाला आला नाही. सिंकखाली बादली. सगळ्यांनी ठरवून चालवलंय.

८ फेब्रुवारी, शनिवार

वन्सं येऊन गेल्या. यांची थोरली बहीण, क्लबात आमच्याही आधीपासून. परवाच तळ्यावरून आल्या – वर्षभरातली तिसरी खेप. फोनवर फोटो दाखवत होत्या. तळं, वन्सं. तळं, वन्सं, छत्री.

"तुम्हाला बरी मिळते खोली," मी म्हटलं.

"अगं, नावं द्यायची त्यांना. तू दिलेल्या नावांतलं कुणी सदस्य झालं की तुला दोन बक्षीस रात्री. बक्षीसवाल्यांना आधी खोली. उरलं तर मग तुमच्यासारख्यांना."

मी चहा गाळत होते. गाळणी हातात तशीच राहिली.

"किती जणांची नावं दिलीत आजवर?"

"मोजतंय कोण," म्हणाल्या आणि पुढचा फोटो सरकवला.

बटाटीची न् त्यांची ओळख आमच्याच घरी झालेली. ती हॉस्पिटलात मेट्रन होती, म्हणून गुडघ्याचं विचारायला वन्संनी तिचा नंबर घेतला होता. मीच लिहून दिला होता.

तर असं आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बटाटीकडे गेले. अर्धं घर खोक्यांत गेलंय. भिंतीवर फ्रेम काढल्याचे चौकोन. ती खाली बसून कपबश्या गुंडाळत होती.

आडवळण न घेता विचारलं, क्लबाला तुझं नाव कुणी दिलं?

"दिलं असेल कुणीतरी."

"वन्संनी?"

"त्या बिचाऱ्या कशाला देतील?"

"मग कुणी?"

"शिस्त, ती रद्दी जरा इकडे सरकव." हॉस्टेलपासून मला शिस्तच म्हणते.

"मी काहीतरी विचारलंय."

"आणि मी रद्दी मागितलीय. ज्याने दिलं त्याच्या मनात वाईट नव्हतं. संपलं."

पेशंटच्या नातेवाइकांना टोलवण्यात हिची हयात गेली. आज मला टोलवलं. बशी गुंडाळताना वर बघितलं नाही. ही कुणाला तरी पाठीशी घालतेय – आणि ती व्यक्ती कोण, हे मला माहीत आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

क्लबाच्या ऑफिसात गेले. काचेचं दार, पाऊल बुडेल असा गालिचा, भिंतभर तळ्याचा फोटो. नवीन येणाऱ्यांसाठी सोफा आणि सरबत. तक्रारवाल्यांसाठी प्लास्टिकच्या तीन खुर्च्या, झेरॉक्स मशीनच्या मागे.

काउंटरवरची मुलगी शांत होती. कुणी नाव दिलं तो कागद जुन्या फायलींत असतो म्हणाली. प्रत हवी तर रीतसर अर्ज करायचा, सोबत मैत्रिणीच्या सहीचं संमतीपत्र.

अर्जावर चौदा रकाने. सगळे भरले. जिथे काही नव्हतं तिथे "लागू नाही" लिहिलं. एकतीस वर्षं विद्यापीठाच्या परीक्षा विभागात काढली. रिकाम्या रकान्याचा कागद मी कुणाकडून घेतला नाही आणि कुणाला दिला नाही.

मुलगी म्हणाली, "मॅडम, इतकं कुणीच भरत नाही."

"म्हणून तुमच्याकडे गोंधळ आहे," म्हटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

बटाटी संमतीपत्रावर सही करत नाही. "कशाला उकरून काढतेस? पंधरा दिवस उरलेत का माझ्याकडे भांडणं बघायला?" पंधरा नाही, त्रेचाळीस. पण ते बोलले नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

थांबणं माझ्या स्वभावात नाही. वन्संकडे जाऊन तोंडावर विचारलं.

आधी त्या हसल्या. मग मी गंमत करत नाही हे लक्षात आलं. "तुझ्या मैत्रिणीचं नाव दिलं असतं तर तुझ्यासमोर बसून सांगितलं असतं, फोटो दाखवत सांगितलं असतं. लपवून मी काय केलंय गं आजवर?"

"बक्षीस रात्री आकाशातून पडल्या का तुमच्या?"

"भिशीतल्या सगळ्या जणींची नावं मीच दिलीत क्लबाला. विचार जा एकेकीला. माझ्या घरात मला चोर ठरवायला आलीस ती आलीस, चहा तरी पिऊन जा."

प्यायले नाही.

घरी येईपर्यंत यांना फोन गेलेला. जेवताना हे एकच वाक्य बोलले. "ती मला कडेवर घेऊन शाळेत जायची." एरवी मीठ कमी आहे हेसुद्धा तीनदा सांगतात.

तरी माझा संशय जात नाही. खोटं बोलणारी माणसं मी हॉल तिकिटाच्या खिडकीवर रोज पाहिलीत. पण वन्संचे डोळे... असो. कागद आला की कळेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बटाटी स्वतः आली, जिना चढून. वन्संनी तिला फोन केला असणार. संमतीपत्र मागून घेतलं, ओट्यावर ठेवून सही केली.

"त्या म्हाताऱ्या बाईला उगाच नको छळूस. घे. पण कागद आला की बसून वाच. उभ्याने नको."

जाताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाली, "चालतंय अजून?"

४ मार्च, मंगळवार

कागद आला. पाकीट उभ्यानेच फोडलं.

वर छापलंय – "आपल्या परिचितांची नावे". खाली दहा ओळी. असल्या कागदावर लोक दोन नावं खरडतात, तिसऱ्याला थांबतात. इथे दहाच्या दहा ओळी भरलेल्या. नाव, पत्ता, फोन. शेवटी "व्यवसाय" असा रकाना, तोही भरलेला. पहिल्या ओळीत बटाटी. "मेट्रन, निवृत्तीस दहा महिने."

इतकं कुणीच भरत नाही.

अक्षर माझं.

मग बसले.

सगळं आठवलं. त्यांचं फुकटचं जेवण, तो हॉल, गोड बोलणारा पोरगा – "कागद भरा मॅडम, सोडतीत घड्याळ आहे." हे म्हणत होते, दोन लिही, पुरे. मी पर्समधून फोनची डायरी काढली. सोडत कसली – कागद पूर्ण भरणाऱ्या प्रत्येकाला घड्याळ होतं. मला वाटलं मी जिंकले. आठ वर्षं त्याच्याखाली उभी राहून स्वयंपाक करतेय.

सोबत क्लबाचं पत्र. माझ्या खात्यात दोन बक्षीस रात्री जमा आहेत. आठ वर्षं पडून.

५ मार्च, बुधवार

सकाळी वन्संकडे. माफी मागितली. मला नीट येत नाही ते. त्या म्हणाल्या, "आता तरी चहा पी." साखर घातलेला दिला. मी साखर घेत नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे. सगळा प्यायले.

मग फोन. "बक्षीस रात्री" म्हटल्याबरोबर लाईनवरचा माणूस जागा झाला. अठरा आणि एकोणीस मार्च, तळ्यासमोरची खोली. दीड मिनिट लागलं.

बटाटीला एवढंच कळवलं – खोली मिळाली, गरम कपडे घे. कशी मिळाली ते तिने विचारलं नाही.

तिला सांगायचं आहे. फोनवर नाही. आठ वर्षं ती त्या माहितीपत्रकाकडे बघत बसली ते माझ्यामुळे. तिने बोलणं टाकलं तर? जायला थोडेच दिवस उरलेत, समजूत घालायलाही वेळ नाही. कागद घडी करून पर्समध्ये ठेवलाय.

११ मार्च

घड्याळ उतरवलं. भिंतीवर चौकोन राहिला. हे म्हणाले, मग किती वाजले ते कळणार कसं. थोड्या वेळाने मीच परत लावलं.

१८ मार्च, मंगळवार

तळं फोटोतल्यापेक्षा लहान आहे. बदक नाही. बाकावर बसल्यावर कागद तिच्यासमोर धरला. तिने घडीसुद्धा उलगडली नाही.

"त्यांच्या त्या हॉलमध्ये तेव्हाच दाखवला होता त्यांनी," म्हणाली. "मी पर्स उचलून निघालेच होते. मग तुझं अक्षर दिसलं. म्हणून तर सही केली."