सरळ झालेला डोळा आणि फसलेला गजर

कांदिवली (पूर्व),
सोमवार, दुपार

तीर्थस्वरूप गुणाजीमामांस,

कांदिवलीहून भाचा नंदकिशोर याचा साष्टांग नमस्कार. (डॉक्टरांनी अजून आठ दिवस खाली वाकायला बंदी केली आहे, तेव्हा हा साष्टांग उभ्यानेच घातला आहे, तो तसाच गोड मानून घ्यावा.) तुमचे गुडघे कसे आहेत? सुगंधामामीची शुगर? मागच्या पडवीवर पडलेला फणस काढला का, की अजून तिथेच बसून आहे? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं विचाराल तर माझी पार वाट लागली आहे. येत्या शनिवारी गोरेगावला आपल्या मंडळाची डबलबारी आहे. दोन भजनी मंडळं समोरासमोर, मैदानभर माणसं, आणि समोरचा बुवा असातसा नाही. गुरुवारच्या तालमीत माझं आणि पखवाजवाल्या कुंडलिकचं जमलं नाही, तर चौदा वर्षं मी ज्या पेटीमागे बसतोय तिथे मंडळातला तरुण पोरगा सुयोग बसणार. मंडळाने हे मला तोंडावर सांगितलं आहे. चहा पाजून सांगितलं, पण सांगितलं.

हे सगळं फोनवर बोललो असतो. पण ऑपरेशन झाल्यावर पहिला फोन तुम्हालाच केला, तेव्हा तुम्ही "डोळो सरळ केलंस, आता मामाक वळखतलंस काय रे?" एवढंच विचारलंत आणि ठेवून दिलात. त्याला आज चोवीस दिवस झाले. तेव्हापासून तुमचा फोन नुसता वाजतो, नाहीतर मामी उचलते आणि "ते गोठ्यात आहेत" म्हणते. मामा, गुरं विकून तुम्हाला सहा वर्षं झाली. रिकाम्या गोठ्यात इतका वेळ करता काय? म्हणून हे पत्र चंद्रप्रकाशच्या हाती देतोय (आमच्या बाजूच्या विंगेतला, त्याचं गाव तुमच्या पुढच्या स्टॉपवर). उद्या सकाळी तो तुमच्या अंगणात उतरेल आणि तुम्ही शेवटपर्यंत वाचल्याशिवाय हलणार नाही. तसं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे, तेव्हा त्याला चहा द्यावा.

तुमचा समज असा की मुंबईत राहून भाच्याला नखरे सुचले. नखरे कसले हो, पन्नाशीला आलोय! तुमचं ठीक आहे, वाडीत सगळ्यांना माहीत आहे की गुणाजीबुवाचा उजवा डोळा बाहेरच्या अंगाला फिरायला जातो. त्याचं कुणाला काही वाटत नाही. इथे दर दहा मिनिटांनी नवा माणूस भेटतो. मी बिलाच्या खिडकीवर बसतो, "पुढे या" म्हटलं की माझ्या रांगेतला आणि शेजारच्या रांगेतला असे दोघे पुढे येतात, आणि मग तिथे भांडण माझं नाही, त्यांचं लागतं. परवाच्या पावसाळ्यात बसमधून मी खिडकीबाहेर बघत होतो. शपथेवर सांगतो, बाहेर पपईवाला होता आणि मी पपईच बघत होतो. पण उजवा डोळा परस्पर शेजारच्या सीटवरच्या बाईंकडे गेला आणि बाईंचा नवरा उभा राहिला. मी म्हटलं, साहेब, हा डोळा माझ्या ऐकण्यातला नाही. तो म्हणाला, मग ज्याच्या ऐकण्यातला आहे त्याला बोलव. (एक स्टॉप आधी उतरलो. पाऊस होता.) त्यावर उपाय म्हणून काळा चष्मा घेतला, तर एका भल्या मुलीने हाताला धरून मला रस्ता ओलांडून दिला. मला ओलांडायचा नव्हता. पण तिचं मन मोडवेना, म्हणून गेलो आणि ती दिसेनाशी झाल्यावर परत आलो.

हे सगळं मी पचवलं होतं, मामा. पण श्रुतिकाच्या साखरपुड्यात जे झालं ते पचलं नाही. मुलुंडचा हॉल, व्याही मंडळी दागिन्यांनी मढून स्टेजवर उभी, आणि तो फोटोवाला मला म्हणतो, काका, इकडे बघा. मी म्हणतो, इकडेच बघतोय. पुन्हा, काका, इकडे. अहो, इकडेच बघतोय ना! असं चांगलं पंधरा वेळा झालं, शेवटी व्याह्यांनी मान वळवून बघितलं की काका नक्की कुठे बघतायत. आठवड्याने अल्बम आला. माझे त्यात सगळे मिळून चार फोटो, आणि चारही फोटोंत माझे डोळे मिटलेले. मी पोरीला विचारलं की हेच का गं निवडलेस? ती म्हणाली, बाबा, मिटलेले बरे दिसतात. कुजकटपणे नाही म्हणाली, अगदी मायेने म्हणाली. कुणी तोंडावर हिणवलं तर चार शिव्या हासडून मोकळं होता येतं. हिला काय घालू? दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून डॉक्टरांकडे गेलो. लग्न माघात आहे.

ऑपरेशनचं तुम्हाला सांगत नाही, तुम्हाला घेरी येते. पहिले चार दिवस सगळं दोन-दोन दिसत होतं. देव्हाऱ्यात दोन गणपती दिसायचे, एकाला फूल वाहून दुसऱ्याला उपाशी कसं ठेवणार, म्हणून मी दोघांना वाहायचो आणि तुमची सून हेमांगी बिचारी दुसऱ्याचं फूल जमिनीवरून उचलायची. मग एक दिवस डोळा बसला जागेवर. काय सांगू, झकास! खिडकीवर एका वेळी एकच माणूस पुढे यायला लागला. नुकसान झालं ते फक्त मासळीबाजारात. मनोरीची पार्वती, जिच्याकडून मी वीस वर्षं मासे घेतो, तिला आजवर वाटायचं की मी बांगडे बघतोय आणि मी निवांत पापलेट पारखून घ्यायचो. आता मी टोपलीवर नजर टाकायचा अवकाश, तिने पापलेटाचा भाव चढवला. म्हणाली, आता कळतंय भाऊ तुमच्या मनात काय ते.

आणि मग पहिली तालीम. मामा, तुम्ही स्वतः बुवा, तुम्हाला काय समजावणार? पण चिडलेल्या माणसाला उजळणी लागते, म्हणून सांगतो. बुवाचे दोन्ही हात पेटीवर, तोंडात अभंग, तेव्हा पखवाजवाल्याला "आता लय वाढव" हे सांगायला डोळ्यांशिवाय काय उरतं? दुसऱ्या बुवांना त्यासाठी मान वळवावी लागते. मला कधीच लागली नाही. मी डाव्या डोळ्याने समोरच्या बुवाला बघायचो आणि उजवा आपोआप उजव्या हाताला बसलेल्या कुंडलिकवर असायचा. मी भुवई उचलली की उजवा डोळा जरा वर चढायचा, आणि कुंडलिक त्या क्षणी चढ्या लयीच्या गजरात घुसायचा. चौदा वर्षांत एकदा चुकला नाही तो. आमचं असं काही ठरलेलं होतं हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं! त्या दिवशी कळलं. गजर आला, मी भुवई उचलली, आणि दोन्ही डोळे शहाण्यासारखे समोर बघत राहिले. कुंडलिक माझ्या उजव्या डोळ्याची वाट बघत संथ लयीतच बसला. कोरस पुढे धावला. झांजवाला मुकुल कुणाच्या मागे जावं ते न कळून मध्येच उभा राहिला. खालच्या मजल्यावरच्या विमलाताई वर येऊन विचारून गेल्या की काही पडलं का.

मग प्रयत्न सुरू झाले. मान वळवून बघितलं तर सूर सुटतो. गुडघ्याने खुणावलं तर गुडघा पखवाजाला लागला आणि नको तिथे एक थाप पडली. शेवटी ओळ संपताना मी कुंडलिककडे दोन्ही डोळ्यांनी नीट बघितलं, आणि त्याचे हातच थांबले. घामाघूम झाला. म्हणाला, बुवा, असं रोखून बघू नका, काहीतरी चुकलं असं वाटतं. चौदा वर्षं बाजूला बसलेला माणूस, मामा, मी त्याला पहिल्यांदाच सरळ बघत होतो! त्याने नजर खाली घातली ती पुढची सगळी तालीम वर केली नाही. तेव्हापासून तीन तालमी झाल्या, तिन्हींत तेच. मला रात्री जेवण जात नाही. सुयोग वाईट पोरगा असता तर बरं झालं असतं, निदान राग तरी काढता आला असता. पण तो प्रत्येक तालमीआधी माझ्या पाया पडतो. गळा चांगला, डोळे सरळ. त्याला मान वळवून गाता येतं, कारण पहिल्यापासून तो तसाच शिकला.

मी अकरा वर्षांचा होतो तेव्हा वाडीने काय म्हटलं होतं, आठवतं? तिरळा बुवा समोर बसला तर माणसं भजन ऐकतील की हसतील? आणि तुम्ही, तुम्ही स्वतः तिरळे, माझ्यापुढे पेटी सरकवलीत. "लोकांचे दोनय डोळे एकच काम करतत, तुझे दोन करतत." त्या वाक्यावर मी आजवर निभावलं. आता ते वाक्य माझ्याकडे नाही आणि तुम्ही फोन उचलत नाही. मला तुमचा राग आला आहे हेही लिहून टाकतो. मोठ्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मोठ्या माणसाने गोठ्यात लपूही नये.

बाकी लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण चंद्रप्रकाश बॅग घेऊन दारात उभा आहे आणि दर मिनिटाला घड्याळ दाखवतो आहे. मामीला नमस्कार, हाही उभ्यानेच.

तुमचा (अजूनही) भाचा,
नंदू

ता. क. – मुद्द्याचं राहिलं. चंद्रप्रकाश बुधवारी संध्याकाळच्या बसने परत निघतो, त्याच्यासोबत तुम्ही या. तुमचं तिकीट काढून त्याच्याजवळ दिलं आहे. गुरुवारी आणि शनिवारी माझ्या उजव्या मांडीला मांडी लावून बसा, बस. लय वाढवायची वेळ आली की मी माझ्या मांडीने तुमची मांडी दाबीन, तुम्ही फक्त भुवई उचला. डोळा तोच, बाजू तीच. कुंडलिकला मी काल विचारलं, तर गेल्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसला तो.

ता. क. दुसरा – वरचं खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. सुयोगने चांगलं गायलं तर मी एक ना एक दिवस उठेनच तिथून. मामा, रोज दाढी करताना आरशात मला आई दिसायची. तिचा तो डोळा माझ्या चेहऱ्यावर होता. ती गेल्याला नऊ वर्षं झाली, पण सकाळी पाच मिनिटं असायची. पट्टी काढली त्या दिवसापासून नाही. भिंतीवरचा फोटो काढून बघितला, तर त्यातही तिने मान फिरवली आहे. फोटोवाला समोर आला की ती नेहमीच फिरवायची, हे मला आत्ता कळलं. म्हणजे तो डोळा आता कुठल्याही फोटोत नाही. फक्त तुमच्याकडे आहे. मांडी लावून बसायचं नसेल तर नका बसू, समोर नुसते खुर्चीवर बसा. पण या. हे कुणाला बोललो नाही.

ता. क. तिसरा – पाकीट चिकटवायला श्रुतिकाकडे दिलं, तर तिने सगळं वाचलं. चंद्रप्रकाशलाही थांबवून ठेवलं. आता म्हणते, मामाआजोबांना लिहा की माघात लग्नालाही यायचं, माझ्या शेजारी उभं राहायचं, आणि फोटोवाला काहीही म्हणो, डोळे उघडे ठेवायचे.