शून्यांची फेरी

४ जून

पोचले एकदाची. एक सुटकेस, एक पिशवी आणि रुमालात गुंडाळलेली माझी जुनी हार्ड डिस्क, एवढाच लवाजमा. दुसऱ्या लग्नाला तेवढा पुरे. घर मात्र झकास आहे. वर दोन खोल्या, जिन्याखाली ऐसपैस कपाट, आणि स्वयंपाकघराला एवढी मोठी खिडकी की भांडी घासतानाही माणसाने गाणं म्हणावं. सासूबाईंनी दारातच सांगून टाकलं, मला आई म्हण. म्हटलं, बरं आई.

चिमणी अजून ताईकडे आहे. तिच्या शाळेचा दाखला हातात आला आणि मी इथे रुळले की ताई तिला आणून सोडणार. सात वर्षांची आहे, पण तोरा सत्तरीचा. निघताना तिने माझ्या मनगटावर पेनाने घड्याळ काढलं आणि बजावलं, मी येईपर्यंत धुवायचं नाही. अंघोळ करताना हात बादलीबाहेर धरला.

५ जून

जिन्याखालच्या कपाटात ह्यांचा सर्व्हर आहे. काळी पेटी, तिच्यात चार डिस्का, आणि त्यांत या घराचे सगळे फोटो, आवाज, कागदपत्रं. मी दहा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लोकांच्या मेलेल्या डिस्का उघडत बसले, तेव्हा हे कपाट बघून मला माहेर भेटल्यासारखं झालं.

दोन जुन्या डिस्का थकल्यात म्हणून दोन नव्या आल्या आहेत. पण न तपासलेली डिस्क पेटीत घालायची नाही, हा ह्यांचा नियम. मलाही पटतो. नवी डिस्क काठोकाठ एकाच आकड्याने भरायची, मग सगळं परत वाचून ताडून बघायचं. मग दुसरा आकडा. अशा चार फेऱ्या. शेवटची शून्यांची. त्यातून जी तरली ती आपली. जिच्यात चुका निघाल्या ती मुदतीत दुकानाला परत. दुधाने तोंड पोळलेला माणूस दिसतो. ह्यांच्या पहिल्या बायकोचा विषय अजून कोणी काढलेला नाही.

माझ्या जुन्या डिस्केत चिमणीचं सगळं आहे. पहिलं हसू, बोबडे बोल, आणि तिचे बाबा तिला झोपवताना गायचे तो आवाज. ते गेले, आवाज तेवढा उरला. दुसरी प्रत नाही. जगाची डिस्क वाचवणारीच्या घरी दिव्याखाली अंधार. हल्ली ती टकटक करते, म्हणजे फार दिवसांची सोबतीण नाही. नव्या पास झाल्या की आधी हे उतरवून घ्यायचं. डिस्कवर ठळक अक्षरात 'चिमणी' लिहून ठेवलंय.

८ जून

पहिली फेरी चालू आहे. कपाटातून बारीक कुरकुर येते, ऐकायला बरी वाटते.

आई भाजी निवडताना ह्यांच्या लहानपणीची गोष्ट सांगतात. पाच वर्षांचे असताना हे म्हणे कपाटात अडकले होते. अंगात निळा स्वेटर. कोणाला हाक ऐकू गेली नाही. आज आईंनी तीच गोष्ट मला परत सांगायला लावली. सांगितली. म्हणाल्या, निळा नाही, गडद निळा. पुन्हा सांगितली, तेव्हा कुठे समाधान झालं. म्हाताऱ्या माणसांची हौस. सून ऐकते की नुसती मान हलवते ते बघत असणार.

दुकानाचे मालक मला एका टोपणनावाने हाक मारायचे. दहा वर्षं मारली. आज जिभेवर आहे आणि येत नाही.

११ जून

दुसरी फेरी. आज ह्यांच्या शाळेची गोष्ट, मोडलेल्या पट्टीची. पहिल्याच झटक्यात बरोबर सांगितली. आई खूश.

भांडी घासताना चिमणीच्या बाबांचं गाणं म्हणायला गेले. चाल गेली. शब्दही गेले. जुनी डिस्क लावून ऐकावं म्हटलं तर हे म्हणाले, टेस्ट चालू असताना दुसरं काही जोडू नकोस. बरोबर आहे, मीही गिऱ्हाइकांना हेच सांगायचे. पण भीती वाटली. मग चहा घेतला आणि ती ओसरली.

१३ जून

आज ह्यांना पहिल्या बायकोबद्दल विचारलं. पेपरातून मान वर न करता म्हणाले, तिच्यात दुसऱ्या फेरीतच चुका निघाल्या. मुदतीत परत पाठवली.

मी डिस्कबद्दल विचारलं नव्हतं. त्यांनाही ते कळलं होतं.

ती कुठे असते, विचारलं. आईबापांकडे. त्यांना ओळखत नाही म्हणे. आईंनी मला आणखी भात वाढला.

१५ जून

ताईचा फोन. चिमणीने सांगितलं, दात पडला. मी म्हटलं, छान. ती पुढचं काही ऐकायला थांबली. माझ्याकडे नव्हतं. ताईने विचारलं, बरी आहेस ना गं. बरी आहे. खरंच बरी आहे. कुठेच दुखत नाही.

फोन ठेवल्यावर कपाटातला तो मुलगा आठवला, गडद निळ्या स्वेटरमधला, आणि हुंदके देऊन रडले.

१६ जून

मागची पानं वाचली. हसू, बोबडे बोल – लिहिलंय मी, आणि आठवत एकही नाही. इथे डिस्क एकटीच भरली जात नाहीये. मलाही भरतायत. भरायचं, परत म्हणून घ्यायचं, ताडायचं.

तिला इथे आणू नकोस, ताईला सांगायला हवं. आत्ताच. फोन घेतला –

आई आल्या. फोन हातातून काढून घेतला, हळूच. म्हणाल्या, बस जरा. आज तिसरी गोष्ट.

१८ जून

शून्यांची फेरी लागली. आज गोष्ट नाही. आई नुसत्या समोर बसून राहिल्या. मीही.

सामानात रुमालात गुंडाळलेली एक डिस्क सापडली. वर 'चिमणी' लिहिलंय. अक्षर माझ्यासारखं. चिमणी म्हणजे काय, ह्यांना विचारलं. म्हणाले, तुझी आहे, तू ठरव, पण न तपासलेली पेटीत नको. खरंच आहे. मीच लावली. थेट शून्यांवर. थोडा वेळ टकटक केली, मग गप्प झाली.

मनगटावर शाईचा डाग होता. घासून काढला.

२० जून

चुका नाहीत. आई म्हणाल्या, आता ही आपली झाली. हात माझ्या डोक्यावर होता.

छान वाटतं. म्हणजे काही वाटत नाही.

२२ जून

दारात एक बाई आणि एक मुलगी. बाईने मिठी मारली. टॅक्सी थांबवून ठेवली होती, घाईत होती. मी हसले. कधी हसायचं ते येतं मला. बाई गेली. मुलगी राहिली.

मुलीने माझं मनगट उलटंपालटं करून पाहिलं. तिला एक दात नाही.

हे म्हणाले, नवी आहे. आई म्हणाल्या, पहिली फेरी तूच घे.

स्वयंपाकघरात बसवलंय तिला. गोष्ट सांगितली. विचारते – आई, माझं घड्याळ कुठे गेलं –

म्हटलं, आधी गोष्ट परत सांग.

सांगते आहे. कपाट. हाक. गडद निळा. हुशार आहे. अजून तरी एकही चूक नाही.