मेजावरची रेघ

३ नोव्हेंबर, मंगळवार

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू, एकदा लिहून ठेवतो. प्रार्थनागृहातलं तोरा – आमचा धर्मग्रंथ – ठेवायचं कपाट – दार लावलं की फट शोधून दाखवा. तोराच्या गुंडाळीचे दोन शिसवी दांडे. वाचनाचं उतरतं मेज. सगळ्या बाकांच्या पाठी. आणि माझ्या कामाच्या खोलीतलं हे दोघांचं मेज: दोन्हीकडून उतार, मध्ये उंच धार, समोरासमोर बसून वाचायचं. एक खिळा नाही. कुणाकडे सुतारकाम शिकलो नाही. हिब्रू वाचायलाही असाच शिकलो, तिशी उलटल्यावर, एकेक अक्षर घोटून.

आज समोरची खुर्ची रिकामी. घड्याळवाले काका दर मंगळवारी येतात. आम्हा ज्यूंमध्ये धर्मग्रंथ एकट्याने वाचू नये म्हणतात. दोघांनी तीच ओळ मोठ्याने वाचायची आणि तिच्यावरून भांडायचं. बारा वर्षं भांडतोय आम्ही. आज नुसता निरोप – दातांच्या डॉक्टरांकडे आहे.

दाढ दुखत असेल बिचाऱ्यांची.

८ नोव्हेंबर, रविवार

दाढ नाही. अभ्यास!

दवाखाना बंद झाला की काका आणि दातांचे डॉक्टर तिथेच बसतात, पेशंटच्या बाकावर. हा दातवाला आई गेल्यापासून तिच्या नावाने प्रार्थना म्हणायला येऊ लागला. त्याआधी कधी तोंड दिसलं नव्हतं. वाचताना दर शब्दाला ठेचकाळतो. काकांनी स्वतःच सांगितलं, वर कौतुक: "अरे, काय विचारलं त्याने! ज्याच्याकडे सगळंच आहे तो देव मत्सर कशाचा करतो?"

देव स्वतःला मत्सरी म्हणवतो ती जागा आम्ही याच मेजावर वाचली होती. मी म्हटलं होतं, ती बोलण्याची रीत आहे, माणसांना कळावं म्हणून. काका म्हणाले होते, "हं." माझ्या प्रत्येक बोलण्यावर हेच. फार खूश असले तर "हं, पुढे वाच."

१० नोव्हेंबर, मंगळवार

खुर्ची रिकामीच.

जुन्या सामानाचा व्यापारी खुर्च्या न्यायला आला होता. मेजाभोवती घुटमळला. "कापून दोन करून द्या की. समोरासमोर बसायला वेळ आहे कुणाला?" मी "बघू" म्हटलं. एरवी हाकलून दिला असता.

बायको म्हणाली, "सवत आल्यासारखं तोंड करून बसलायत."

"चहा दे."

"देऊन झालाय. तुमच्या कोपराशी गार होतोय."

१२ नोव्हेंबर, गुरुवार

दातवाला स्वतः आला. मेजावरून हात फिरवला – दात तपासावेत तसा – आणि विचारलं, "या बाजूचा उतार जास्त आहे का?"

आहे. काकांची मान वाकत नाही म्हणून त्यांची बाजू मी जास्त उभी ठेवली. आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. खुद्द काकांच्याही. याच्याच डोळ्यांना दिसावं?

मग म्हणतो, "ज्याला कुणाची गरज नाही त्याला मत्सर वाटणार नाही. मग देवाला आपली गरज असेल का?"

"गरज? देव म्हणजे काय बायको माहेरी गेलेला नवरा आहे?"

हसला. मग गंभीरपणे म्हणाला, "असेलही."

तो गेल्यावर भाष्यं काढून बसलो, याचा अडाणीपणा सिद्ध करायला. एका जुन्या भाष्यात जवळपास हेच निघालं. अंगाचा तिळपापड झाला. बारा वर्षांत हे पान मी उलटलं कसं नाही? मग एकच फळी घासत बसलो. तासून तासून वाया गेली.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

मेजाच्या मधोमध पेन्सिलने रेघ मारली. करवत उचलली, तर दारात बायको: "ऊन उतरलं, मेणबत्त्या लावते आहे." शब्बाथ लागतोय, उद्या तारे दिसेपर्यंत काम बंद. करवत खाली. वही बंद.

१४ नोव्हेंबर, शनिवार, तारे दिसल्यावर

शब्बाथला लिहायचं नाही. लिहिलेलं पुसायचंही नाही. काल पेन्सिल उचलताना हे मला सुचायला नको?

आज दुपारी काका आले. अवजारं झाकलेली होती, रेघ उघडी.

"ही कशाची?"

"मापाची."

"बरोबर मधोमध आहे."

"हो."

"तुझं माप कधी चुकत नाही," म्हणाले आणि आपल्या बाजूला बसले. खोडरबर समोरच्या फडताळात. हात लावता येईना. दोघंही रेघेच्या दोन बाजूंना.

मग म्हणाले, "महिनाअखेर लेकीकडे चाललोय. कायमचा. स्क्रू दिसत नाहीत आता, दुकान कसलं चालवू?"

मी विचारलं, "आणि तुमचा तो डॉक्टर?"

"माझा कशाला? तुझ्यासाठी तयार करतोय. मी गेल्यावर तू एकटा बसशील आणि महिन्याभरात स्वतःच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवशील. अडवणारा हवा. याला प्रश्न पडतात, वाचता येत नाही. अडखळत तुझ्यापुढे बसवला असता तर सोलून काढला असतास. म्हणून आधी तिकडे घोटून घेतोय."

"मला विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

"नको म्हटलं असतं."

"हं," काका म्हणाले.

१५ नोव्हेंबर, रविवार

रेघ रबराने जात नाही. फार दाबून मारली होती. रंधा लावला तर धार खाली बसेल. राहू दे.

देवाचा मत्सर म्हणजे बोलण्याची रीत, असं मी म्हणायचो. या लाकडावर बोट फिरवलं की तसं म्हणवत नाही.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी दातवाला येतोय. त्याची मान धडधाकट आहे, म्हणून काकांच्या बाजूचा उतार थोडा कमी केला. काका कडेला स्टुलावर बसणार, हं म्हणायला.

सकाळी व्यापारी पैसे घेऊनच आला होता. मेज रेघेवर कापून द्या म्हणाला, आखलेलंच आहे. नाही म्हटलं. दोन तुकड्यांचे चाळीस हजार देत होता.