नववी ब ची तोंडी परीक्षा

गोखिवरे,
शुक्रवार, ९ एप्रिल १९९९

प्रिय इग्नेशियस,

रविवारी होळी गावात तुझ्या फाटकाशी येऊन गेलो. तू वाडीत पाठमोरा उभा राहून पडवळाला पाणी सोडत होतास, पंधरा हातांवर. मी तीन हाका मारल्या. तू वळला नाहीस तेव्हा म्हटलं, रागावलाय, राहू दे, आणि स्कूटर फिरवली. यमुनेला सांगितलं की तू घरी नव्हतास. लग्नाला सत्तावीस वर्षं झालीत, तिला काय ते कळलंच असेल.

शाळेत नवीन काही नाही. चहा अजून तसाच, पाण्याला चहाची आठवण करून दिल्यासारखा. तुझ्या खुर्चीवर कोणी बसत नाही. हंसाबाई तिच्यावर पेपरांचे गठ्ठे ठेवतात.

माझे कान तुला माहीत आहेत. घंटा वाजवणारा शिपाई म्हणून लागलो तेव्हापासून मी कानांवरच जगलो. कोणाला रजा हवीय, कोण कोणावर खार खाऊन आहे, हे माणूस बोलायच्या आधी मला कळायचं. शाळा सुटल्यावर तू मला शिक्षकांच्या खोलीत खुर्चीवर बसवून बी.ए.चं व्याकरण शिकवायचास, तेव्हा बाकीचे काय कुजबुजायचे तेही मी ऐकत होतो. तुला कधी सांगितलं नाही. मी शिक्षक झालो त्या दिवशी तू बजावलंस की आता मला सर म्हणायचं नाही. चार महिने जीभ वळत नव्हती.

म्हणून सहा वर्षांपूर्वी तू तुझ्या नववी ब ची मराठीची तोंडी परीक्षा घेशील का विचारलंस, तेव्हा मी उड्या मारत हो म्हटलं. साठ मुलं, दोन दिवस. पुढच्या वर्षी परत तेच. मग सहामाहीचीही. मग पालकसभेत तुझ्या शेजारी बसायचं, कारण म्हणे माझा आवाज चांगला. आधी मोठेपणा वाटायचा, पुढे वाटेनासा झाला. माझाही वर्ग होता, दहावीचे गठ्ठे होते. तू खुर्ची माझ्याकडे ओढलीस की तिच्या पायांच्या आवाजावरूनच कळायचं, काम आलं. यमुना म्हणायची, एकदा नाही म्हणून बघा, आभाळ कोसळत नाही. तिचं खरं होतं. नाही म्हणण्यात चूक होती असं मी आजही म्हणणार नाही. पण मी ते म्हटलं कसं, ते बघ.

तोंडी नाही म्हटलं असतं तर तू पुन्हा विचारलं असतंस आणि मी पुन्हा विरघळलो असतो. म्हणून लेखी दिलं. शिपायाचा शिक्षक होताना शिकलेली अक्कल, ठरवायचं ते कागदावर. ‘गेली सहा वर्षे नववी ब ची तोंडी परीक्षा मी घेत आलो आहे. ती आपली जबाबदारी असल्याने यंदापासून आपण घ्यावी.’ सही, तारीख, आणि एक प्रत मुख्याध्यापिका आशालताबाईंना. तू कागद वाचलास, घडी घालून खिशात ठेवलास आणि म्हणालास, “बरोबर आहे तुझं, दिना. मीच घ्यायला हवी होती.” मी त्या दिवशी शीळ घालत घरी गेलो.

मग तो मंगळवार. आपल्या वर्गांमध्ये प्लायवूडचीच काय ती भिंत. पहिल्या तीन मुलींनी कविता नीट म्हटली. चौथीने मधलं कडवं गाळलं, तू छान म्हणालास. ही खबर बाकाबाकांवरून फिरली असणार. कारण पुढच्याने कवितेच्या चालीवर भाजीबाजारच मांडला, दुधी, कारली, अळू, शेवग्याच्या शेंगा. वर्ग तोंडावर वह्या धरून खिदळत होता, आणि तू म्हणालास, “शाब्बास. पाठांतर चांगलं आहे.”

मी पलीकडे हसलो. तिथेच थांबायला हवं होतं. मधल्या सुट्टीत मी तो किस्सा सगळ्यांना चालीसकट म्हणून दाखवला. तू समोर डबा खात होतास. मला वाटलं, तूही म्हणशील की मुलांची गंमत मुद्दाम चालू दिली. सगळे हसले. तू एकेकाच्या तोंडाकडे बघितलंस आणि मग हसलास, सगळ्यांच्या नंतर. तेव्हा मला कळलं. ज्या कानांची मी जन्मभर फुशारकी मारली, त्यांना सहा वर्षांत एवढं ऐकू आलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत किस्सा आशालताबाईंकडे पोचला, आठवड्यात संस्थेकडे, आणि तुला घरी बसवलं. काल बाजारात तुझी बायको भेटली, सेलिन. म्हणाली, तुझ्या कानांची नस सुकलीय, यंत्र लावलं तर नुसती शिट्टी वाजते. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, तेवढी निभतील असं तुला वाटलं. तिलाही तू बरेच दिवस कळू दिलं नव्हतंस, मग मी कोण. रविवारच्या त्या तीन हाका मी कोणाला मारत होतो, ते मला भाजीच्या पिशव्या हातात असताना समजलं.

उद्या अकरा वाजता तुझी चौकशी आहे, आणि मला साक्षीला बोलावलंय. एका मुलाच्या वात्रटपणावर तुझी नोकरी जात नव्हती. एखादा दिवस वाईट गेला, म्हणून सुटला असतास. पण त्यांच्याकडे माझा कागद आहे, ‘गेली सहा वर्षे’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलेला. तो परत मागायला मी आशालताबाईंकडे गेलो होतो. त्या म्हणाल्या, “सर, त्याच्यावर आवक क्रमांक पडलाय.” सही माझी नाही म्हणावं, तर सहा वर्षं मी ज्यांची तोंडी घेतली ती मुलं वसईभर फिरतायत. ते विचारतील, सही तुमचीच ना, आणि मी हो म्हणेन. त्यानंतर काही उरत नाही, हे तुलाही कळतं. खोलीतल्या माणसांच्या चेहऱ्यांवरून तुला ते समजायला नको, म्हणून हे पत्र आज सेलिनच्या हातात देतोय. उद्या उत्तर देताना मी त्यांच्याकडे बघणार नाही. तोंड तुझ्याकडे करून सावकाश बोलेन.

तुझाच,
दिना