राजा, इकडे बघ!

३ फेब्रुवारी, सोमवार

दवाखान्यातल्या नर्सताई म्हणाल्या, धडधड व्हायला लागली की वहीत लिहून काढत जा, मोकळं वाटतं. मला धडधड होत नाही. वही कोरी पडून होती म्हणून लिहिते. शाळा सातवीत सुटली, अक्षर वेडंवाकडं येणारच. वाचणार तरी कोण!

गुरुवारी निघायचं. ह्यांची ही जंगलाची ट्रीप आमच्या लग्नाच्या आधीपासून ठरलेली आहे. आधी लोकांच्या लग्नांचा सीझन आला, मग मोठी लेन्स घ्यायची राहिली, मग आमची लेक पिटकी झाली. स्टुडिओत रोज पासपोर्टचे आणि रडक्या पोरांचे फोटो काढून माणूस पार विटलाय. आता तीन नॅशनल पार्क एका दमात, दिराची गाडी घेऊन. छापखान्यातले काका म्हणालेत, जंगली जनावराचा झकास फोटो आण, पुढच्या कॅलेंडरच्या पहिल्या पानावर तुझाच लावतो. दरवर्षी ते फुलदाणी छापतात. हे त्या फुलदाणीवर फार चिडून आहेत.

सासूबाई म्हणाल्या, त्याला एकट्याला जाऊ दे गं, तू पोरीला घेऊन इथंच थांब. मी म्हणाले, छे! ह्यांना मदत कोण करणार? स्टुडिओत मीच तर लागते. ह्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला की मी खांद्यामागून खुळखुळा वाजवते, राजा इकडे बघ म्हणते, पोर वर बघतं, फोटो निघतो. माझ्याशिवाय ह्यांचं पान हलत नाही.

भीतीबिती काही नाही. फक्त एकट्या माणसाला जनावर आधी धरतं असं कुठंतरी ऐकलंय.

५ फेब्रुवारी

सामान भरलं. अगदी मोजकं. पिटकीचा टब, मच्छरदाणी, दोन ब्लँकेटं, वाफेचं मशीन, औषधांची पिशवी, दुसरी औषधांची पिशवी (पहिली हरवली तर). ह्यांचं तिपाई स्टँड डिकीत मावेना. मी म्हणाले, तुमचा हात किती स्थिर आहे, स्टँड कशाला? हे टबाकडे बघत राहिले, मग स्टँड घरात ठेवून आले. पटलं असणार.

६ फेब्रुवारी

निघालो. पिटकी गाडीत इतकी गाढ झोपली की मला जरा शंका आली. गाडी थांबवून नाकापाशी बोट धरून बघितलं. श्वास चालू होता. थोडं पुढं जाऊन परत बघितलं. हे म्हणाले, अगं, घोरतेय ती, तुला ऐकू येत नाही का? मी म्हणाले, घोरणं वेगळं आणि श्वास वेगळा. असं करत करत पोचलो तेव्हा पार्कचं गेट बंद झालं होतं. बरंच झालं. दमल्या डोळ्यांनी कसला फोटो येतो!

७ फेब्रुवारी

पार्कची जीप वरून उघडी, बाजूनं उघडी. मी विचारलं, दारं नंतर बसवतात का? जीपवाला ह्यांच्याकडे बघून हसला. मग मी शांतपणे ठरवलं की मी आणि पिटकी कँटीनमध्ये बसू, ह्यांनी बिनधास्त जावं. हे जीपमध्ये चढले. मी फक्त एवढंच म्हणाले की काही झालं तर तुमचं घड्याळ कोणाला द्यायचं ते सांगून ठेवा. हे उतरले.

दिवस फुकट नाही गेला पण. हे फोटोग्राफर आहेत असं कँटीनवाल्याला कळलं. त्याला ओळखपत्राचा फोटो हवा होता. मग तिकीटवाला आला, मग झाडूवाली मावशी, मग तिचा भाचा. पांढऱ्या भिंतीपुढं स्टूल मांडलं. मान सरळ, दोन्ही कान दिसू देत, हसू नका. भाचा हलत होता, मी खुळखुळा वाजवला, लगेच बघितलं त्यानं. जंगलातसुद्धा आमचं काम अडलं नाही! मी हे ह्यांना बोलूनही दाखवलं. हे म्हणाले, हो ना, घरी आल्यासारखंच वाटतंय. मला बरं वाटलं.

९ फेब्रुवारी

दुसरा पार्क. इथं आपली गाडी आत नेता येते, सोबत गाईड देतात. मी काचा वर करून घेतल्या. धुळीमुळे. हरणं दिसली, रानडुकरं दिसली, ह्यांनी काचेतूनच भराभर फोटो काढले. दोनदा म्हणाले, काच खाली कर. मी म्हणाले, पोरीला वारा लागेल. गाईड म्हणाला, बाई, हरीण काय करणार हो तुम्हाला? त्याला काय माहीत! शिंगं होती हरणाला.

संध्याकाळी लॉजवर हे फोटो बघत बसले. प्रत्येक फोटोत काचेवर माझा पिवळा स्वेटर आलाय. एका हरणाला तर चक्क माझं तोंड आहे. मी म्हणाले, बघा, एकाच फोटोत दोघी आलो. हे हसले नाहीत. कॅमेरा पिशवीत ठेवला, चेन लावली आणि म्हणाले, जाऊ दे, परत फुलदाणीच छापतील.

आवाज चढवला असता तर मीही चढवला असता. हे अगदी हळू बोलले. मी पिटकीचं पांघरूण उगाच सारखं करत बसले. लग्नाआधी हे ह्या फोटोंबद्दल बोलायला लागले की चहा गार व्हायचा. आज गरम चहा एका घोटात संपवून भिंतीकडे तोंड करून झोपले.

निश्चय: परवा शेवटचा पार्क. काच उघडायची म्हणजे उघडायची. ह्यांना फोटो मिळवून दिल्याशिवाय मी घरी जाणार नाही.

(घरी लवकर गेलं तर काही वाईट नाही, पण फोटो घेऊन.)

११ फेब्रुवारी

उघडली काच! ह्यांच्या बाजूची पूर्ण, माझ्या बाजूची चार बोटं. गाईड पुढं स्टेअरिंगवर, हे आणि मी मागं, पिटकी माझ्या मांडीवर, तिचा खुळखुळा माझ्या हातात. पाणवठ्यापाशी गाडी बंद करून बसलो. गाईड म्हणाला, आता कोणी हूं की चूं करायचं नाही. मी तर श्वासही अर्धाच घेत होते.

आणि आला. बिबट्या. एवढा मोठा! झाडीतून निघाला आणि घरचंच पाणी असल्यासारखा निवांत वाकून प्यायला लागला. ऊन नेमकं पाठीवर पडलेलं, पाण्यात त्याची सावली हलत होती. मला वाटलं, झालं, फुलदाणी गेली. ह्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

आणि मी खुळखुळा वाजवला.

मी नाही वाजवला, हातानं वाजवला. इतकी वर्षं ह्यांचा कॅमेरा वर गेला की माझा हात वर जातो, त्याला मी काय करू? तोंडातूनही निघालं, राजा, इकडे बघ, इकडे!

त्यानं बघितलं. मान वर, सरळ कॅमेऱ्यात. ह्यांच्या बोटाला पण सवयच, खट्ट करून फोटो निघाला. मग बिबट्या वळून चालता झाला. गाईडनं कपाळाला हात लावला. पिटकी टाळ्या वाजवत होती.

मी त्यावेळी सीटखाली होते कारण माझी चप्पल तिकडं गेली होती.

परतीच्या वाटेवर हे काही बोलले नाहीत. फार खूश असले की माणूस गप्प होतो.

१५ फेब्रुवारी

छापखान्यातल्या काकांना फोटो दाखवायला मीही गेले. काकांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. मान सरळ. दोन्ही कान दिसतायत. हसू नाही. पाणी नाही, सावली नाही, मागं नुसतं पांढरट धूसर. काका म्हणाले, अरे, हा नोकरीसाठी अर्ज करतोय का? मग म्हणाले, खाली जन्मतारीख पण टाकू का? मग ते इतके हसले की मशीनवरचा माणूस बघायला आला.

पहिल्या पानावर फुलदाणी. यंदा निळी.

काकांना फोटोतलं ओ की ठो कळत नाही. बाहेर आल्यावर मी ह्यांना तेच सांगितलं. हे म्हणाले, नाही गं, बरोबर आहे त्यांचं. मी पाणीबिणी सगळं फ्रेममध्ये धरून बसलो होतो. तू खुळखुळा वाजवलास आणि मी आपोआप तोंडावर झूम केला. दोघांची खोडच ती. मग हे पण हसायला लागले, रस्त्यात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसले. कितीतरी दिवसांनी.

२४ फेब्रुवारी

फोटो मोठा करून स्टुडिओत लावलाय. हे पोरांना सांगतात, तो बघ कसा ताठ बसलाय, तसा बस. पोरं बसतात. धंद्याला एकदम चांगला आहे. फक्त हे कॅमेऱ्यामागं आणि मी ह्यांच्यामागं उभी राहते तिथं तो नेमका समोर येतो आणि टक लावून बघतो. म्हणून मी त्यावर टॉवेल टाकलाय. धुळीमुळे.

आज नर्सताई ओळखपत्राच्या फोटोला आल्या. विचारलं, धडधड कशी आहे? मी म्हणाले, कसली धडधड? मी बिबट्याला नावानं हाक मारून आलेय, ह्यांना विचारा. पिटकी ह्यांच्या कडेवर होती. ताई म्हणाल्या, वा, आणि हे टॉवेलाखाली काय झाकलंय? आणि टॉवेल ओढला.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी रस्त्याच्या पलीकडे होते, चपला आत राहिल्या होत्या. पिटकीला जरा वारा हवा होता, म्हणून बाहेर आले होते.

हातात खुळखुळा होता. पिटकी नव्हती.