अम्मीच्या विमानाचं वय

अब्बा, अम्मी उमऱ्याच्या यात्रेला जाऊन आली. तुम्ही दोघांनी मिळून जायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं. या वर्षी भाईनं तिला नेलं. तिथून आणलेलं झमझमचं पाणी गल्लीत घरोघर वाटून झालंय, पाहुण्यांची वर्दळ ओसरलीय, आणि मी चार दिवसांची सुट्टी काढून पांढरकवड्याला आलेय. अम्मी आत निजलीय. मी स्वयंपाकघरात पाटावर बसून लिहितेय, कारण ती जाण्याआधी आमच्यात जे बोलणं झालं ते तुम्हाला सांगावंसं वाटलं. घरातली आपली बोली अर्धी हिंदी, अर्धी वऱ्हाडी. पण मी शिकले मराठी शाळेत, त्यामुळे लिहायला बसलं की मराठीच हाताशी येते.

तुम्ही गेलात तेव्हा माझं शिक्षण चालू होतं, म्हणून मी नेमकं काय करते हे तुम्हाला ठाऊक नाही. मी विमानं तपासते आणि दुरुस्त करते. हायवेनं खाली दक्षिणेकडे, हैदराबादला आमचं हँगर आहे, म्हणजे विमानाचं गॅरेजच, फक्त छत कापसाच्या जिनिंगपेक्षा कितीतरी उंच. लोकांना वाटतं की तुमच्या कामाची आवड म्हणून मी यात आले. खरं तर मला तुमच्या गॅरेजमधला ग्रीसचा वास नको होता. विमानाचं काम स्वच्छ असेल असं वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात मला विमानाच्या संडासाखालची जमीन तपासायला आत सरपटत पाठवलं.

झालं असं, की अम्मीची तिकिटं निघाली आणि थोड्याच दिवसांत टीव्हीवर एका विमान अपघाताची बातमी आली. कुठल्या तरी दूर देशातला अपघात, पण चित्रं सारखी दाखवत होते, आणि विमान जुनं होतं, जुनं होतं, हेच प्रत्येक जण सांगत होता. आपल्या गल्लीतही तेच. शेजारच्या खाला येऊन अम्मीला म्हणाल्या की कंपन्या भंगार झालेली विमानं रंग मारून उडवतात. अम्मीनं बॅग भरणं थांबवलं, ती परत वर ठेवून दिली. भाईनं समजावलं, चिडला, मग मला फोन लावून फोन तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "बेटा, तू थेच काम करतं ना? मग सांग, माह्या जहाजाचं वय किती हाय?"

मला एकदम तुमच्या गॅरेजमधली ती दुपार आठवली. मी शाळेतून येऊन टायरांच्या ढिगावर बसलेय. एक म्हातारा ड्रायव्हर आपला ट्रक घेऊन आलाय, ट्रकचं इंजिन घरघरतंय, आणि मी मोठ्या शहाणपणानं म्हणते, "अब्बा, ही गाडी जुनी झाली, भंगारात द्यायला सांगा." ड्रायव्हरचा चेहरा पडतो. तुम्ही ट्रकखालून बाहेर येता, कपड्याला हात पुसता आणि सगळ्यांसमोर मला म्हणता, "जुनी, हे काय बिमारी हाय? काय बिघडलं थे सांग. सांगता येत नशीन तर चूप राह्य." मी रडत घरी गेले. तुम्ही माझ्यावर आवाज चढवल्याची तेवढी एकच आठवण माझ्याकडे आहे.

दुसरा एक प्रसंग त्यानंतरचा. नवाकोरा ट्रक, पुढच्या काचेवरचं लिंबू-मिरचीसुद्धा ताजं. मालक स्वतः सोबत, सिमेंट भरून हैदराबादला निघालेला. हवा पाहायला थांबले आणि तुमचं लक्ष स्टिअरिंगच्या सांध्याकडे गेलं. तो ढिला होता. तुम्ही म्हणालात की नागपूरहून सांधा मागवतो, उद्यापर्यंत थांबा. मालक हसला. "मिस्त्री, शोरूममधून काढून तीन महिने नाही झाले. तुमच्या त्या खटाऱ्यांशी हिची बराबरी करता का?" तुम्ही त्याच्याशी बराच वेळ भांडलात, ड्रायव्हरला बाजूला घेऊन सांगितलं, पण ट्रक गेला. पुढं महिनाभरानं तोच मालक परत आला, ट्रक धडधाकट, आणि चार लोकांत तुम्हाला म्हणाला, "कुठं काय झालं, मिस्त्री?" तुम्ही त्याला चहा पाजलात. तो गेल्यावर मी विचारलं, तुमचं चुकलं होतं का? तुम्ही म्हणालात, "चुकलं तर चुकलं. थो इथं बसून चाय पिऊन गेला ना?" मला तेव्हा तुमची लाज वाटली होती. माणसानं आपलं खरं करून दाखवावं असं वाटायचं ते वय.

तर मी अम्मीला फोनवर सांगायला लागले. विमानाचं वय नुसतं वर्षांत मोजत नाहीत. ते वर गेलं की त्याच्या आत हवा दाबून भरावी लागते, खाली आलं की ती सुटते. म्हणजे दर फेरीला त्याचं अंग थोडं फुगतं, थोडं बसतं. दिवसातून पाच-सहा छोट्या फेऱ्या करणारं विमान लांब पल्ल्याच्या विमानापेक्षा लवकर थकतं, दोघांचा जन्म एकाच वर्षीचा असला तरी. म्हणून ठराविक काळानं त्याला आमच्याकडे आणतात. आम्ही खुर्च्या, जमीन, भिंती सगळं काढतो, नुसता सांगाडा ठेवतो, आणि टॉर्च घेऊन इंच न् इंच तपासतो. जितकं जुनं तितकं जास्त तपासायचं, असाच नियम. काही भाग तर चांगले दिसत असले तरी ठरलेल्या फेऱ्या झाल्या की काढून टाकायचे. (अब्बा, हे तुम्हाला पटलं नसतं. तुम्ही एका नटसाठी अख्खा डबा उपसायचात. आम्ही जे फेकतो ते पाहून तुम्ही ते पोत्यात भरून घरी नेलं असतं आणि माझी नोकरी गेली असती.) कंपन्या नवी विमानं घेतात ती बहुतेक तेल कमी पितात म्हणून. देखभाल होत नसेल तर जुनं धोक्याचंच, पण मग नवंही धोक्याचं.

अम्मी सगळं ऐकून म्हणाली, "इतकं लांबलचक काहून सांगून राह्यली? कोणी वय इचारलं का लोक असंच करतात." मग मी तिला दोन महिन्यांपूर्वीचं सांगितलं. एक जुनं विमान तपासणीला आलं होतं. जेवण गरम करतात त्या जागेखाली वर्षानुवर्षं पाणी, चहा झिरपतो. तिथल्या एका आडव्या पट्टीला गंज चढला होता. मी खरवडून मोजलं, तर जेवढी झीज चालते त्यापेक्षा जास्त होती. विमान दोन दिवसांनी परत द्यायचं होतं, त्याची तिकिटं विकली गेली होती. माझे साहेब म्हणाले, "पुन्हा मोजा, मॅडम." मी पुन्हा मोजलं. मग ते स्वतः आत शिरले, पांढरा शर्ट तेलकट करून बाहेर आले आणि कंपनीला फोन लावला. पट्टी बदलून विमान गेलं तोवर आठवडा उलटला होता. त्या आठवड्यात कितीतरी लोक विमानतळावर अडकले, त्यांच्या शिव्यांचे व्हिडिओ हँगरमधल्या आमच्याच पोरांनी मला दाखवले. पट्टी तशीच ठेवली असती तर काही झालं असतं का? मला माहीत नाही. कदाचित पुढच्या तपासणीपर्यंत काहीच झालं नसतं. ते कधीच कळणार नाही, आणि या कामात असंच असतं. सिमेंटच्या ट्रकाचं मला तेव्हा कुठं नीट समजलं.

 अम्मी म्हणाली, "माह्या जहाजाचं सांग." मी तिच्या विमानाचं वय शोधून ठेवलंच होतं. सांगितलं, की अम्मी, जुनं आहे, भाईच्या मोठ्या पोरापेक्षा मोठं. मला वाटलं आता ती तिकीट रद्द करायला सांगणार. ती म्हणाली, "तू पाह्यलं का त्याले?" मी म्हटलं, नाही, ते आमच्याकडे येत नाही, दुसरीकडे कुणी तरी पाहतं. "थ्याची अम्मी बी बसतच असन ना कधी जहाजात?" म्हटलं, असेल. "मग पाह्यलंच असन त्यानं चांगलं." आणि तिनं भाईला हाक मारून वरची बॅग खाली काढायला सांगितली. मी एवढं समजावलं, त्यातलं काही तिच्या कामी आलं की नाही कुणास ठाऊक. तिला फक्त माझ्यासारखंच कुणी तरी तिथं आत सरपटत गेलंय एवढं ऐकायचं होतं.

ती गेली, आली. प्रवासाबद्दल विचारलं तर म्हणते की जहाज बरं होतं, चहा मात्र बेचव. खालांना ती आता छातीठोकपणे सांगते की जुन्या जहाजाले काही होत नाही, माही पोरगी थेच काम करते. मी अडवत नाही, जरी ते तितकं सोपं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, घडी घालून माझ्याच पर्समध्ये राहील. म्हणून तुम्हाला सांगायला हरकत नाही. तिचं विमान जेद्दाला उतरेपर्यंत मी हँगरमध्ये कशालाही हात लावला नाही. पोट दुखतंय असं सांगून बाहेर पायरीवर बसून राहिले, फोनवरच्या नकाशात तिच्या विमानाचा पिवळा ठिपका समुद्रावरून सरकताना पाहत. ठिपका थांबला तेव्हा साहेबांनी विचारलं, बरं वाटतंय का आता, आणि मी म्हटलं, हो, गोळी घेतली.